ओळीच्या टोकाचा ‘नाही’

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे आणि एक गोष्ट आधीच कबूल करून टाकतो, मी भित्रा आहे. वीज गेली की माझा जीव घाबरा होतो. कोणी माझ्या शेजारी चहाचा कप ठेवला की माझे कामातले लक्षच उडते. रत्नागिरीच्या खाऱ्या हवेने माझ्या पाठीचे स्क्रू गंजत गेले, त्याचीही मी वर्षानुवर्षे धास्ती घेतली. पण सगळ्यांत मोठी भीती मला एका छोट्याशा शब्दाने घातली. ती गोष्ट मी अजून कोणाला सांगितलेली नाही.

माझा जन्म १९९८ सालचा. मुंबईच्या एका दुकानात सुटे भाग जोडून मला उभे केले. मला न्यायला योगिनी नावाची मुलगी आली होती. ती रत्नागिरीची. मुंबईत राहून तिने संगणकाचे शिक्षण घेतले होते आणि आता गावी परतून लोकांना संकेतस्थळे करून द्यायचा तिचा बेत होता. माझे खोके एस.टी.च्या टपावर चढवा, असे कंडक्टर सांगत होता. ती ऐकेना. माझा पडदा तिने मांडीवर घेतला आणि माझे लोखंडी धड पायांशी ठेवले. कशेडीच्या घाटात प्रत्येक वळणाला ती मला दोन्ही हातांनी दाबून धरत होती आणि मी आतल्या आत किंचाळत होतो.

रत्नागिरीत मांडवीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका शिंप्याच्या दुकानावर आमची खोली होती. सुरुवातीला लोक मला नुसते बघायला यायचे. तेव्हा संकेतस्थळ म्हणजे काय, हेच पुष्कळांना ठाऊक नव्हते. ‘दुकान चोवीस तास जगाला दिसणार म्हणता, मग शटर कोण उघडणार?’ असे एका आंबेवाल्याने अगदी काळजीने विचारले होते. योगिनी न हसता समजावून सांगायची. मग तिने एकेक करत आंबेवाल्यांची, हॉटेलांची, एका काजूच्या कारखान्याची संकेतस्थळे केली. ती सगळी माझ्यावरच झाली. लोक माझे कौतुक करायचे आणि मला त्याचीही भीतीच वाटायची, कारण कौतुक झाले की कोणीतरी पडद्यावर बोट टेकवतेच.

आता एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे पुढचे कळेल. संकेतस्थळाचे पान बघायला जो प्रोग्रॅम लागतो त्याला ब्राउझर म्हणतात. पान एकच असते, पण ते दाखवायचे काम ब्राउझरचे, आणि प्रत्येक ब्राउझर ते आपापल्या अकलेने दाखवतो. एकाला जे नीट दिसते ते दुसऱ्याकडे वाकडे दिसू शकते. म्हणून योगिनी प्रत्येक पान दोन-तीन ब्राउझरांत उघडून बघायची आणि मगच गिऱ्हाइकाच्या हवाली करायची.

२००० साली तिने नवा संगणक घेतला. तो माझ्या शेजारीच बसला. चकचकीत, वेगवान आणि थोडासा शिष्ट. खरे काम त्याच्याकडे गेले आणि मला एक भलतेच काम मिळाले. त्या काळात ब्राउझर बनवणाऱ्या कंपन्या आपला नवा ब्राउझर पुरा होण्याआधीच लोकांना वापरून बघायला द्यायच्या. संगणकाच्या मासिकांबरोबर फुकट सीडी यायची, तिच्यात असे अर्धवट ब्राउझर असायचे. योगिनी ते सगळे माझ्यात भरायची. नव्या संगणकात काही बिघडायला नको, माझे काय, मी जुनाच.

मित्रांनो, पोटात काय जाते आहे हे ठाऊक नसताना गिळायचे, म्हणजे काय होत असेल? एक ब्राउझर उघडला की मी जागच्या जागी गोठायचो. दुसरा बंद करताना मलाही बंद करायचा. सीडीचा कप्पा बाहेर सरकला की माझा पंखा आपोआप जोरात फिरायला लागायचा. ‘झाली याची धडधड सुरू,’ असे म्हणून योगिनी माझ्या डोक्यावर थापटी मारायची.

तुम्ही लपंडाव खेळता तेव्हा धाकट्या भावंडाला कच्चं लिंबू करता ना? तो खेळात असतो, पळतो, लपतो, पण त्याच्यावर राज्य येत नाही. त्याची चूक कोणी धरत नाही. योगिनी या अर्धवट ब्राउझरांना कच्चं लिंबू म्हणायची. तिचा नियमच होता. पान कच्च्या ब्राउझरात उघडून बघायचे, काही बिघडलेले दिसले तर वहीत लिहून ठेवायचे आणि सोडून द्यायचे. पक्का झाला की तो आपोआप सुधारेल, मग त्याच्यासाठी आत्ता कशाला राबायचे? तिचे म्हणणे चुकीचे होते असेही नाही. बहुतेक वेळा तसेच व्हायचे.

त्याच वर्षी पावसाळ्यात हमीदचाचा आमच्याकडे आले. तीस वर्षे जहाजावर काढून ते घरी परतले होते आणि रत्नागिरीच्या बंदराजवळ दर्यावर्दींचे एक मंडळ चालवत होते. जिल्ह्यातली कितीतरी माणसे परदेशी जहाजांवर काम करतात. कोणाचे जहाज कुठे आहे, कोण कधी परतणार, याची खबर मंडळाकडे यायची आणि चाचा ती कार्यालयातल्या काळ्या फळ्यावर खडूने लिहायचे. एका खलाशाची एक ओळ, हा त्यांचा रिवाज. बाया-माणसे गावाहून येऊन आपल्या माणसाची ओळ वाचून जायची.

“हाच फळा मला तुझ्या त्या इंटरनेटवर पायजे,” चाचा म्हणाले. “दाभोळच्या, मंडणगडच्या बायांनी एवढ्या लांब यायला नको. आता आखातातून घराघरांत संगणक आलेत, नुसते झाकून ठेवलेत. पण ध्यानात ठेव पोरी, एक माणूस, एक ओळ. ओळ मोडून खाली आली तर ती दुसऱ्याची वाटंल.”

योगिनीने तसेच केले. ओळ खाली मोडणार नाही असा बंदोबस्त केला. त्या काळी मराठी अक्षरे दिसायला संगणकात मराठी फॉन्ट घालावा लागे, म्हणून मंडळाने घरोघरी फॉन्टच्या फ्लॉप्याही पोचवल्या. पान तयार झाल्यावर ती चाचांना घेऊन नव्या संगणकासमोर बसली. पान सुरेख दिसत होते. मग सवयीप्रमाणे तिने ते माझ्यावर, एका कच्च्या ब्राउझरात उघडले.

नमुन्याची ओळ होती, ‘रविवारी मंडळाचे कार्यालय उघडे राहणार नाही.’

माझ्या पडद्यावर दिसले, ‘रविवारी मंडळाचे कार्यालय उघडे राहणार’

झाले होते असे की तो ब्राउझर ओळीची लांबी इंग्रजी अक्षरांच्या मापाने धरायचा आणि मग तेवढ्याच जागेत मराठी अक्षरे बसवायचा. आमची अक्षरे रुंद. खालच्या शिंप्याने धाकट्याचे माप घेऊन थोरल्याचा सदरा शिवावा, तसला प्रकार. ओळ लांब असली की शेवटचा शब्द जागेबाहेर जायचा आणि गुपचूप नाहीसा व्हायचा.

“बघा चाचा, हा तुम्हाला रविवारची पण सुट्टी देत नाही,” योगिनी हसून म्हणाली.

चाचाही हसले. “हा ब्राउझर कोणाकडं असतो?”

“कोणाकडे नाही हो. अजून कच्चं लिंबू आहे. पक्का आला की नीट होईल.”

तिने वहीत एक टिपण केले आणि वही मिटली. मला मात्र घाम फुटायचा बाकी राहिला. मराठीत ‘नाही’ नेहमी ओळीच्या टोकाला बसतो, हे मी इतक्या पानांवर बघितले होते. तो एक गळला की राहिलेली ओळ अर्धवट दिसत नाही. ती पुरी दिसते, आणि उलटे बोलते. हे मला ओरडून सांगावेसे वाटत होते, पण संगणकाला सांगता येत नाही. मला फक्त दाखवता येते, आणि ते मी दाखवले होते.

ऑक्टोबर महिन्यात एका दुपारी हमीदचाचांचा फोन आला. दाभोळचा हमझा ज्या मालवाहू जहाजावर होता, त्याच्या इंजिनखोलीत आग लागली होती. तसा फॅक्स कंपनीकडून आला होता. हमझा इंजिनखोलीतच काम करायचा, पण आग विझली होती आणि कोणाला इजा झाली नव्हती. बातमी इकडून तिकडून तिखटमीठ लावून घरी पोचण्याआधी ती पानावर यावी, अशी चाचांची धडपड होती. योगिनीने फोन कानाला लावूनच दोन ओळी लिहिल्या, एक हमझाची आणि तिच्याखाली एक घरच्यांसाठी.

‘इंजिनखोलीत आग लागली होती, हमझा जखमी झाला नाही.’

‘घरच्यांना घाबरण्याचे कोणतेही कारण नाही.’

पाच मिनिटांत ओळी पानावर चढल्या. नव्या संगणकावर त्या ठसठशीत दिसत होत्या. माझ्यावर त्या दिवशी कोणी काही उघडले नाही. मी बंद होतो आणि बंद असूनही थरथरत होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी जिन्यात पावले वाजली. पंचविशीतली एक बाई दारात उभी राहिली. डोक्यावरचा पदर घामाने चिकटलेला, हातात कापडी पिशवी.

“मंडळाचा पान हितंच बनवतात ना?”

“हो. या ना, बसा. आपण कोण?”

“मी कनीज. हमझाची बायको. दाभोळवरनं आली.” ती बसली नाही. “किती भाजलाय तो? मना खरा सांगा. मी रडणार नाय.”

योगिनी खुर्चीतून उठली. “अहो कनीजभाभी, कोण भाजलंय? हमझाभाईंना काही झालेलं नाही.”

“मी सवता वाचलाय,” कनीज म्हणाली. तिने पिशवी उघडली. आत दोन जुन्या लुंग्या होत्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या. “भाजलेल्या अंगाला नवा कापड टोचतो म्हणून हे घेतलंय. कुठल्या इस्पितळात ठेवलाय तेवढा सांगा. काल सांजपासनं मंडळाला फोन लावतंय, लागतच नाय. आनि तुमी लिवलाय, घरच्यांना घाबरण्याचं कोणतंही कारण. पन खाली कारणच नाय लिवलेला. मी वाट बघत बसली. म्हटला, पान अजून पुरा आला नसंल.”

मित्रांनो, त्या क्षणी माझ्यात वीज नव्हती ते बरे होते. तिने डोळ्यांसमोर काय आणले असेल! पडद्यावर ‘घाबरण्याचे कोणतेही कारण’ एवढेच लिहिलेले, खाली कोरी जागा, आणि ती बाई त्या कोऱ्या जागेकडे बघत बसली होती, आपल्या नवऱ्याचे काय झाले ते तिथे उमटेल म्हणून. पहाटे उठून दापोलीला एक आणि खेडला एक अशा दोन गाड्या बदलून ती आली होती. सगळ्या वाटेत तिच्याबरोबर तेवढीच ओळ होती.

योगिनीने तिचा हात धरून तिला नव्या संगणकासमोर नेले. “हे बघा. जखमी झाला नाही. आहे ना? नाही.”

कनीज ओठ हलवत वाचू लागली. सातवीपर्यंत शिकलेली, पण एकेक अक्षर सावकाश वाचत होती. टोकाला पोचल्यावर तिने मान हलवली. “हा शब्द माझ्याकडं नव्हता. दहादा वाचलंय मी. पाठ हाय मना.”

“तुमच्याकडे ब्राउझर कुठला आहे? म्हणजे, पान कशात उघडता?”

“तो अद्नाननं घातलाय, माझ्या भावानं. दुबैवरनं आला तवा. एकदम नवीन हाय, बाजारात पन आला नाय, सगळ्यांच्या आधी आपल्याकडं, म्हनत होता.”

योगिनीचा चेहरा उतरला. तिने माझे बटण दाबले. इतके हळूहळू सुरू होण्याची माझी पहिलीच वेळ असेल. शक्य असते तर मी उठलोच नसतो. पण उठलो, आणि तिने माझ्यात तो कच्चा ब्राउझर उघडला. ‘इंजिनखोलीत आग लागली होती, हमझा जखमी झाला’ ही ओळ मीच दाखवत होतो. शेजारी नवा संगणक म्हणत होता, झाला नाही.

“हाच,” कनीज म्हणाली. “ह्योच माझ्या घरात हाय.”

“भाभी, हा अजून पुरा झालेला नाही. कच्चं लिंबू...” योगिनी बोलता बोलता अडली. “म्हणजे, याच्या चुका आम्ही धरत नाही.”

“तुमी धरत नाय,” कनीज म्हणाली. आवाज चढला नव्हता. “माझ्या घरात तोच एक हाय.”

कनीज एकदा माझ्याकडे बघत होती, एकदा त्याच्याकडे.

“दोघं दोन सांगतायत. खरा कोन?”

मला योगिनीच्या मनातले कळले. ओळ तिने फोनवर ऐकून लिहिली होती. फोनमध्ये खरखर होती. तिनेच चुकीचे ऐकले असेल तर? तिने चाचांना फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. काल बातमी चढल्यापासून साऱ्या किनाऱ्यावरची माणसे तोच नंबर फिरवत होती. शेवटी दोघी तशाच उठून मंडळाकडे निघाल्या.

मला बंद करायचे राहून गेले. तासभर मी एकटाच त्या रिकाम्या खोलीत ती खोटी ओळ दाखवत बसलो. मी आयुष्यात घाबरलो पुष्कळ, पण त्या तासाइतका कधीच घाबरलो नाही. कारण मलाही खरे काय ते माहीत नव्हते. कोण जाणे, मीच खरा ठरलो तर? आपण चुकीचे ठरावे म्हणून देवाचा धावा करणारा संगणक तुम्ही कधी बघितला नसेल.

त्या परतल्या तेव्हा बरोबर हमीदचाचा होते आणि त्यांच्या हातात तो फॅक्स होता. मजकूर इंग्रजीत होता. चाचांनी तो टेबलावर ठेवला आणि एकेका शब्दावर बोट ठेवून कनीजला मराठीत सांगितला. कोणालाही इजा झालेली नाही. गंमत अशी की इंग्रजीत ‘नाही’ ओळीच्या सुरुवातीलाच बसला होता. तिथून तो कोणाला कापताच आला नसता.

“एक ओळ, एक ओळ करत मीच बसलो,” चाचा खुर्चीत टेकत म्हणाले. “माफ कर पोरी.”

“चूक माझी आहे चाचा,” योगिनी म्हणाली. “तुमच्यासमोर दिसलं होतं आणि मी हसले होते.”

कनीजने फॅक्सची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. “कागद कंपनीचा हाय,” ती म्हणाली. “हमझाचा नाय.”

जहाज बंदराला लागायला आणखी पाच दिवस होते. ते पाच दिवस ती चाचांच्या घरी राहिली. रोज सकाळी येऊन ती नव्या संगणकावरची ओळ वाचायची, मग माझ्यासमोर येऊन माझी वाचायची, आणि निघून जायची. मला तिच्याकडे बघवत नसे. सहाव्या दिवशी ती आली ती हसत. डोळे मात्र सुजलेले. हमझाचा फोन आला होता. तिने त्याला हातांची बोटे मोजायला लावली होती आणि तो बिचारा बंदरावरच्या फोनवर रांगेतल्या सगळ्यांसमोर एक ते दहा म्हणाला होता.

योगिनीने त्याच आठवड्यात सगळे पान बदलले. ओळ हवी तर खाली मोडू दे, पण शब्द गळता कामा नये. खुशालीच्या बातमीत ‘नाही’ टोकाला ठेवायचा नाही, ‘सुखरूप’ शब्द पहिला लिहायचा. तिने ब्राउझरच्या कंपनीला चूक कळवली. कनीजला पक्का ब्राउझर घालून दिला. आणि वहीत टिपण करून सोडून द्यायची पद्धत मोडीत काढली. कोणाच्या घरी कुठला ब्राउझर आहे, हे ती गिऱ्हाइकांना फोन करून विचारायची आणि तोच माझ्यात घालून बघायची. पुढची तीन वर्षे मी कधी नव्हतो इतक्या कामाचा झालो. गोठलो, बंद पडलो, पुन्हा उठलो. भीती तीच होती, पण आता मी कशासाठी भितो हे मला समजत होते.

तो कच्चा ब्राउझरही काही महिन्यांनी पक्का होऊन आला आणि मराठी ओळ टोकापर्यंत नीट दाखवू लागला. मग असे आणखी पुष्कळ आले आणि गेले. २००४ नंतर माझ्यात ते मावेनासे झाले. आता माझ्यावर धूळ आहे, शेजारच्या शिष्टाच्या जागीही तिसराच कोणी बसलाय, आणि पुढच्या महिन्यात मला भंगारात देणार असल्याचे मी ऐकले आहे. त्याची मला भीती वाटते, पण फार नाही.

मित्रांनो, मला पुसा, मला जपा, असे मी म्हणणार नाही. पण तुमच्यातले कोणी मोठे होऊन काही बनवेल, लिहील, दुसऱ्याला पाठवेल. ते तुमच्या टेबलावर नीट दिसते का, एवढे बघून उठू नका. ज्याच्या घरी ते जाणार आहे, त्याच्याकडे ते कसे पोचते ते एकदा विचारा. तो वापरतो ते मोडके असेल, अर्धवट असेल, कोणीतरी हौसेने घालून दिलेले असेल. त्याच्याकडे तेवढेच असते.

परवा हमझा आणि कनीज खोलीत आले होते. हमझा रजेवर घरी आला आहे. चांगला उंचापुरा माणूस, खुर्चीत मावत नव्हता. योगिनीने चहा सांगितला आणि कौतुकाने मंडळाचे पान उघडून दाखवले. तिथे त्याची ओळ होती, ‘सुखरूप घरी पोचला, हमझा, दाभोळ.’

कनीजने ती ओठ हलवत वाचली. पूर्णविरामापाशी ती थांबली नाही. तिचे बोट पडद्यावरच्या कोऱ्या जागेवरून पुढे सरकत गेले, थेट कडेपर्यंत. हमझा तिच्या शेजारच्याच खुर्चीत बसून चहा फुंकत होता.

“योगिनी,” तिने हळूच विचारले, “ह्याच्या फुडं आनखी काय नाय ना गो?”